थंडीत नायट्रो गाडी सुरू होत नाही, दोरीही अडकते

पाषाणचा नवशिका: माझी एक-दशांश मापाची नायट्रो आरसी गाडी (मेथॅनॉल-नायट्रोमिथेनच्या इंधनावर चालणारी रिमोटची छोटी गाडी) दिवाळीपर्यंत दोरीच्या दोन-तीन झटक्यांत सुरू होत असे. परंतु रविवारी सकाळी सात वाजता, पारा दहा अंशांच्या आसपास असताना, सायलेन्सरच्या तोंडावर बोट ठेवून अनेकदा प्राइम केले (म्हणजे टाकीतील इंधन इंजिनापर्यंत आणले), वीस-पंचवीस वेळा दोरी ओढली, तरी इंजिन एकदाच खोकले आणि नंतर दोरी हलेनाशी झाली. ग्लो प्लग (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा) नवा आहे. इंजिन जाम झाले असे समजावे काय?

धूरकांडी: इतक्यात नको. वारंवार प्राइम केल्याने सिलिंडरमध्ये इंधन साचले असावे; द्रव दाबला जात नसल्यामुळे पिस्टन वर सरकत नाही, आणि अशा वेळी जोर लावल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग काढा, गाडी उलटी धरा, भोकावर फडके ठेवून पाच-सहा वेळा दोरी ओढा.

कोथरूडचा जुना गडी: वरील उपाय योग्यच, पण मूळ कारण थंडी आहे. इंधनातील मेथॅनॉलची वाफ साधारण 11 अंशांखाली पेटण्याइतकी तयार होत नाही. शिवाय या इंजिनांची स्लीव्ह (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) वरच्या टोकाला निमुळती असल्याने थंड असताना पिस्टन तिथे घट्ट बसतो. मी टाकी रिकामी असतानाच घरी हेअर ड्रायरने इंजिनाचे हेड, बोट फार वेळ टेकवता येणार नाही इतके तापवतो आणि जुन्या टॉवेलात गुंडाळून मैदानावर नेतो. काडी किंवा लायटर मात्र जवळही आणू नये, कारण मेथॅनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. इग्नायटरचा (प्लगची तार तापवणाऱ्या साधनाचा) सेल गारठला की प्लगची तार मंद लालच राहते; ती लख्ख नारिंगी दिसायला हवी. मी तो सेल खिशात ठेवतो.

धूरकांडी: थंड हवा दाट असल्याने मिश्रणात इंधन कमी पडते, म्हणून हाय-स्पीड सुई (इंधनाचे प्रमाण ठरवणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू) अष्टमांश फेरा उघडावी, हेही सांगायला हवे.

कोथरूडचा जुना गडी: सुई उघडावी, पण इंजिन सुरू होऊन तापल्यानंतरच. सुरू न होणाऱ्या इंजिनाची सुई फिरवत बसल्याने मूळ सेटिंगच हरवते. पुण्यात तर पहाटेचे दहा अंश दुपारी अठ्ठावीसवर जातात, तेव्हा अकराच्या सुमारास ती पुन्हा जागेवर आणावीच लागते.

पाषाणचा नवशिका: फडके चिंब झाले, दोरी मोकळी झाली. आज इंजिन तापवून नेले आणि चौथ्या झटक्याला गाडी सुरू झाली. टॉवेलाला मात्र एरंडेलाचा वास लागला असून तो घरात कोणी घेईना.