अडीच वर्षांच्या लेकीसाठी मराठी चित्रपुस्तकं: हल्लीची आणि खरंच बरी कुठली?

चिपळूणकरीण

नमस्कार मंडळी. माझ्या लहानपणच्या पुस्तकांची एक पत्र्याची पेटी होती. त्यात मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकंही होती, बाबांनी लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनातून एकेक करून आणलेली. २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी घरात शिरलं, तेव्हा आधी गॅसचं सिलिंडर आणि सासूबाईंची औषधं वर गेली. पेटी खालीच राहिली. तिसऱ्या दिवशी उघडली तर आत नुसता लगदा. तेव्हा लेकीचा पत्ता नव्हता, म्हणून फार रडलेही नाही. आता मात्र रोज आठवण येते.

म्हणून गेल्या महिन्यात ऑनलाइन दहा पुस्तकांचा संच मागवला, २९९ रुपयांत. स्वस्त पडला म्हणून खूश होते. एका पुस्तकातला कोल्हा म्हणजे दुसऱ्यातला कुत्राच, फक्त शेपूट रंगवलेली. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी चौकटीत तात्पर्य. आणि मराठी बघा: "ससा त्याच्या चुकीतून शिकला होता आणि तो आता एक चांगला ससा होता." असं कोण बोलतं हो? दोन पुस्तकांच्या पिना निघाल्या, त्यातली एक गादीवर सापडली. त्या दिवशी अख्खा संच माळ्यावर गेला.

मला हवं ते असं: पानावर एक-दोन ओळी, घरात बोलतो तशी भाषा, तात्पर्य नको. आणि एक अडचण. मी वाचायला लागले की ही पान मागे उलटते, एकाच चित्रावर बोट ठेवून बसते. गोष्ट कधी पुरी होतच नाही. वय कमी पडतंय का?

दुपारची झोप

डोळे मिटून माधुरी पुरंदरे. लिहितात त्याच आणि चित्रंही त्याच काढतात, त्यामुळे एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला असं होत नाही. ज्योत्स्ना प्रकाशनाचं 'राधाचं घर' आधी घ्या. राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते, बस्स. २०१६ चा बिग लिटल बुक हा बालसाहित्याचा पुरस्कार मराठीसाठी त्यांनाच मिळाला होता. अर्थात पुरस्काराचं पोराला काय! आमच्याकडे आजोबांचं पान वरणानं पिवळं झालंय, यावरून काय ते समजा.

बाकावरच्या बाई

चिपळूणकरीण ताई, वय मुळीच कमी पडत नाहीये. ती वाचतेय. गडबड तुम्ही करताय, रागावू नका.

मी २६ वर्षं बालवाडी चालवली. मुलांसाठी एक पुस्तक मीच हातानं केलं होतं, चित्रं भाच्याची. एका पानावर एवढंच: "चप्पल कुठे गेली?" मुलगा कपाटात डोकं घालून शोधतोय, आणि खाली कोपऱ्यात खाटेखालून कुत्र्याची शेपटी नि चपलेचा अंगठा डोकावतोय. मी ओळ वाचायच्या आधीच पोरं फिसफिस हसायला लागायची. मुलगा शोधतोय, बाई विचारतायत, आणि चप्पल कुठंय ते फक्त त्यांनाच ठाऊक! चित्राला शब्दांपेक्षा जास्त माहीत असलं तर ते चित्रपुस्तक. तुमच्या संचात ओळीत ससा म्हणून चित्रात ससा, एवढंच झालंय. मग बिचारीनं बघायचं काय?

तेव्हा दुकानात गेलात की पानावरच्या ओळींवर तळहात ठेवा. नुसत्या चित्रातून काही हाती लागलं तर घ्या. मग हात काढून ती ओळ उभ्यानंच मोठ्यानं म्हणा. जीभ अडखळली तर ठेवून द्या, लेखक कितीही मोठा असो. आणि घरी पहिल्या दिवशी काही वाचूच नका. तिला पानं उलटू दे, मागे-पुढे, हवं तसं.

पैशांचं म्हणाल तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा, २०१५ पासून आहे. मराठी पुस्तकं फुकट उतरवता येतात, छापायलाही परवानगी आहे. पहिल्या पातळीची घ्या, त्यात २५० पर्यंतच शब्द असतात. भाषांतर कुणीही करू शकतं, त्यामुळे काही झकास, काही तुमच्या सशासारखी. आधी स्वतः वाचा. मोबाइलवर मात्र दाखवू नका. बोट सरकलं की पुढे कुणी तरी नाचत असतं.

झेरॉक्सवाल्याला 'बुकलेट' म्हणून पाठपोट रंगीत छापायला सांगा. कागद मधोमध दुमडून घडीवर दाभणानं तीन भोकं पाडा. सुई बाहेरून मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, पाठीवरून थेट खालच्यातून आत, परत मधल्यातून बाहेर. तो पाठीवरचा लांब टाका दोन्ही टोकांच्या मध्ये घेऊन गाठ मारा. पिनेची कटकटच नाही. पानं चारच्या पटीत नसली तर शेवटी कोरं पान राहतं, राहू दे.

हिशेबी

सगळं ठीक, पण चांगल्या म्हणवणाऱ्या पुस्तकांच्या किमती बघितल्यात का? सोळा पानं! तेवढ्यात मिसळ येते, तर्रीसकट.

छापखान्यातला

@हिशेबी, मिसळीला चार रंग लागत नाहीत. चित्रपुस्तकाच्या कागदाला एकेका बाजूला रंगाला एक अशा छपाईच्या चार प्लेटा लागतात. पाचशे प्रती काढा नाही तर पाच हजार, प्लेटांचा खर्च तोच. मराठीत आवृत्ती छोटी निघते, म्हणून तो बोजा थोड्याच प्रतींवर पडतो. बोर्ड बुकचं, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या पानांच्या पुस्तकाचं, तर विचारूच नका: प्रत्येक पान पुठ्ठ्यावर चिकटवायचं, कोपरे डायनं गोल कापायचे. म्हणून मराठीत ती फार दिसत नाहीत. स्वस्तात हवं तर नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं बघा. पाठीला दोरा आहे की पिन, ते दुकानात उघडून बघायचं, मुखपृष्ठावरून कळत नाही.

चिपळूणकरीण

तीन आठवडे झाले, म्हणून कळवते. 'राधाचं घर' इथल्या दुकानात नव्हतं, मागवून दिलं, आठ दिवस लागले. ओळींवर हात ठेवून बघत होते तर दुकानदार म्हणाले, ताई, डाग पडलाय का?

बाई, तुमचं ऐकून पहिला दिवस मी काहीच बोलले नाही. फार जड गेलं, मास्तरांची मुलगी आहे मी. लेकीनं आजीच्या पानावर बराच वेळ काढला, मग उठून सासूबाईंना हाताला धरून घेऊन आली आणि चित्राशेजारी बसवलं. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. मी स्वयंपाकघरातून बघत होते, दूध उतू गेलं.

स्टोरीवीव्हरचं एक पुस्तक शिवलं. चौदा पानांचं होतं, त्यामुळे शेवटी दोन कोरी पानं राहिली. तिला सगळ्यात जास्त तीच आवडतात. रोज त्यांवर बोट ठेवून काहीबाही सांगते. काल तिथे मामा आला होता, आज म्हैस आहे. आता मी वाचायला लागले की माझ्यासारखाच तळहात ओळींवर ठेवते आणि म्हणते, "थांब."

बाई, पानं ओढून ओढून दोरा सैल झालाय. साधा शिवणाचा घेतला होता. गोधडीचा चालेल का?