सल्ला हवा: भुताटकीचा तपास करणाऱ्या टेबलटॉप गेमसाठी कल्पना कुठून घ्याव्यात?

फासेवाली
नमस्कार मंडळी. आमचा टेबलटॉप रोल-प्लेइंगचा ग्रुप बरीच वर्षं ड्रॅगन आणि तलवारींचे गेम खेळतोय. आता सगळ्यांना अतींद्रिय तपासाचं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी सलग कथा हवंय, आणि गेममास्टर, म्हणजे कथा रचून खेळ चालवणारी, मी आहे. काळ आजचा, जागा सिंधुदुर्गातलं एक काल्पनिक गाव. पात्रं ठरली आहेत: निवृत्त तलाठी, तालुक्याची वार्ताहर, एक्स-रे टेक्निशियन आणि गावात नव्याने आलेली शिक्षिका. नियम ‘गमशू’ या तपासकथांसाठीच्या गेम-पद्धतीचे घेतले आहेत, म्हणजे योग्य कौशल्य असलेल्या पात्राने योग्य जागी पाहिलं की महत्त्वाचा दुवा मिळतोच, त्यासाठी फासे टाकायचे नाहीत.

अडचण कथेची आहे. जे सुचतं ते पडका वाडा, पांढरी साडी, उलटे पाय. त्याने कोणी घाबरत नाही आणि तपासण्यासारखंही काही उरत नाही. तुम्ही प्रेरणा कुठून घेता?

गावठाण
तलाठी घेतलात हे उत्तम केलंत, त्याला नुसता बसवून ठेवू नका. कोकणातल्या घराला ‘बाधा’ आहे असं बोललं जातं तेव्हा मी आधी विचारतो की ते घर कोणाच्या नावावर आहे. सामायिक घर, मुंबईला गेलेले भाऊ, एकच वहिनी गावाला राहिलेली, आणि सातबाऱ्यावर डझनभर नावं. टेबलावर एक फेरफार नोंद ठेवा. वारस म्हणून तीन मुलगे लागलेत, पण गावातली म्हातारी सांगते की पोरं चार होती. मग जन्म-मृत्यूची नोंदवही बघायला ग्रामपंचायतीत जाणं आलं. तिथे चौथ्याचा जन्म आहे, मृत्यू नाही. अजून भूत दिसलेलंही नाही, पण माझ्या टेबलावर अशा वेळी सगळे फोन खाली ठेवतात.

भूत शेवटी ठरवा. आधी घर, माणसं आणि त्यांची देणीघेणी ठरवा.

मोडीवाचक
गावठाण यांच्याशी सहमत. माझ्या मते सगळ्यात चांगला मालमसाला खऱ्या तपासांच्या इतिहासात आहे.

लंडनमध्ये 1882 साली अतींद्रिय घटनांची चौकशी करणारी ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ स्थापन झाली. त्यांनी 1884 च्या अखेरीस रिचर्ड हॉजसन नावाच्या तरुणाला थेट मद्रासजवळच्या अड्यारला पाठवलं. काम होतं थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्कींच्या चमत्कारांची चौकशी. थिऑसॉफीच्या मंडळींचा मुक्काम आधी मुंबईत होता. ब्लाव्हाट्स्की आणि त्यांचे सहसंस्थापक कर्नल ऑल्कॉट 1879 मध्ये मुंबईत उतरले, त्यांचं मासिक इथूनच निघालं आणि 1882 च्या अखेरीस बिऱ्हाड अड्यारला हललं.

अड्यारला ब्लाव्हाट्स्कींच्या झोपायच्या खोलीला लागून एक खोली होती, तिच्या भिंतीवर एक लाकडी कपाट टांगलेलं. अदृश्य महात्म्यांची पत्रं म्हणे त्यात प्रकट व्हायची. घरची व्यवस्था पाहणाऱ्या कूलाँब दांपत्याचं थिऑसॉफिकल सोसायटीशी बिनसलं, आणि कपाटामागच्या गुप्त फटीचं आणि पत्रव्यवहाराचं बिंग त्यांनी फोडलं. हॉजसन पोचला तेव्हा ते कपाट शिल्लकच नव्हतं! त्याला मिळाली ती भिंत, पत्रं, आणि एकमेकांवर आरोप करणारे साक्षीदार. 1885 च्या अहवालात त्याने लबाडी झाल्याचा निष्कर्ष काढला. पुढे 1986 मध्ये हॉजसनला पाठवणाऱ्या सोसायटीच्याच नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन यांनी हॉजसनचा अहवालच पूर्वग्रहदूषित असल्याची टीका केली.

गेममास्टरला आणखी काय पाहिजे? मुख्य पुरावा नष्ट झालेला, फितूर साक्षीदार, आणि ज्याच्या निःपक्षपातीपणावर पुढे प्रश्न उठावा असा तपासनीस. या मांडणीवर अख्खं कॅम्पेन उभं राहतं.

उपकरणांसाठी हॅरी प्राइस हा ब्रिटिश भूतसंशोधक वाचा. 1937 मध्ये त्याने इंग्लंडमधलं बॉर्ली रेक्टरी हे झपाटलेलं म्हणून गाजलेलं घर वर्षभरासाठी भाड्याने घेतलं आणि ‘टाइम्स’मध्ये जाहिरात देऊन निरीक्षक जमवले. त्याच्या पेटीत पाय न वाजणारे फेल्टचे जोडे, भिंतींची जाडी मोजायला पोलादी टेप, दारं सीलबंद करायला दोरी आणि शिशाची सीलं, जमिनीची थरथर कळावी म्हणून पाऱ्याचं भांडं, आणि कोणी बेशुद्ध पडलं तर ब्रँडी. खेळाडूंना अशी पेटी स्वतः भरायला लावा. कोण काय घेतो त्यावरून पात्र कळतं.

मधली सुट्टी
तुमच्या एक्स-रे टेक्निशियनसाठी दोन प्रसंग.

पहिला विक टँडीचा. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत हा अभियंता रात्री एकटा काम करत होता. अंगाला घाम, मनात विनाकारण दडपण, आणि नजरेच्या कडेला एक करडी आकृती. मान वळवली की गायब. दुसऱ्या दिवशी त्याने तलवारबाजीचं पातं दुरुस्तीसाठी शिकंज्यात लावलं, तर ते आपोआप थरथरायला लागलं. पातं पुढेमागे सरकवून त्याने शोध लावला: नव्याने बसवलेल्या पंख्यामुळे खोलीत सुमारे 19 हर्ट्झचा, कानाला न ऐकू येणारा ध्वनी घुमत होता. यावरचा लेख 1998 चा आहे. दडपण, आकृती, पातं, पंखा, अशी दुव्यांची साखळी आयती तयार आहे.

दुसरा 1921 चा, अमेरिकेतल्या नेत्रविकारांच्या नियतकालिकातला. एका कुटुंबाला नव्या घरात पावलं ऐकू येत, माणसं दिसत, डोकं दुखे, कुंड्यांतली झाडंही मरत. कारण निघालं तळघरातली नादुरुस्त भट्टी आणि तिच्यातून घरात पसरणारा कार्बन मोनॉक्साइड. आपल्याकडे भट्टीच्या जागी बंद बाथरूममधला गॅस गिझर ठेवा. यात घड्याळ चालू असतं हे विसरू नका. खेळाडू मंत्रतंत्रात रमले तर घरातलं कोणीतरी दगावू शकतं.

तिठ्यावरचा वड
सगळे विज्ञानाकडे निघालात, पण आपली भुतं किती नेमकी आहेत ते बघा. मुंजा म्हणजे मुंज झालेला आणि सोडमुंजेआधी गेलेला मुलगा, राहतो पिंपळावर. गिऱ्हा पाण्यातला. समंधाची वासना धनात किंवा जागेत अडकलेली. चकवा तर कोणाला मारतही नाही, रात्रभर त्याच बांधावर फिरवून आणतो, आणि जुनी माणसं सांगतात की उजाडेपर्यंत जागीच बसून राहावं. प्रत्येकाला जागा आहे, कारण आहे, मर्यादा आहे. म्हणजे गेमचे नियम अर्धे लिहूनच ठेवलेत.

वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबा या गावाच्या राखणदार देवाला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावात फिरतो आणि चपला झिजतात, ही श्रद्धा. मात्र हे जागतं देवस्थान आहे. गेममध्ये राखणदाराला वेगळं नाव द्या आणि त्याला खलनायक करू नका.

कंदील
मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे, म्हणून भानामतीबद्दल लिहिते. घरावर दगड पडणं, दोरीवरचे कपडे पेटणं, अन्नात घाण सापडणं. अशा ठिकाणी कार्यकर्ते घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोलतात, कारण करणारं माणूस बहुतेक वेळा घरातलंच आणि कमालीचं कोंडलेलं असतं. मनाविरुद्ध ठरलेलं लग्न, सुटलेली शाळा, कोणाला सांगता न येणारा छळ. ते माणूस सापडल्यावर त्याला गावासमोर उभं करायचं नसतं, सावरायचं असतं. तुमच्या शिक्षिकेला हे काम द्या. ‘कोणी केलं’ कळल्यावर ‘आता काय करायचं’ हा प्रसंग माझ्या मते सगळ्यात कठीण आणि सगळ्यात मोलाचा.

आणि 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी असतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, बांधून ठेवणं हे गुन्हे आहेत. मांत्रिक गावात आला की खेळाडूंना तक्रार करता येते, हे त्यांना माहीत असू द्या.

फासेवाली
खूप खूप आभार, सगळं उतरवून घेतलं. एकच शंका: दर वेळी पंखा किंवा गिझर निघाला तर खेळाडू हिरमुसणार नाहीत का?

तिठ्यावरचा वड
हिरमुसतील. एक प्रकरण तरी खरं ठेवा, पण नियमाने बांधलेलं.

कंदील
मला हे पटत नाही. खरं भूत आलं की कोंडलेल्या मुलीची गोष्ट मागे पडते.

गावठाण
दोघांचं जमवता येईल. भानामतीच्या प्रकरणात भूत अजिबात नको, तिथे कंदील यांचंच ऐका. खरं काही हवं तर ते त्या चौथ्या मुलाच्या बाजूला ठेवा, आणि उलगडा झाल्यावरही एकच गोष्ट हिशेबाबाहेर राहू द्या. प्रत्येक निष्कर्षाला किमान तीन दुवे ठेवा, हा रोल-प्लेइंग गेमवर लिहिणाऱ्या जस्टिन अलेक्झांडर यांचा सल्ला गमशूमध्येही उपयोगी पडतो, कारण खेळाडू भलत्याच खोलीत शिरणारच.

पहिल्या सेशनला वर्तमानपत्राचं कात्रण देऊ नका, सगळे तेच देतात. ग्रामसभेचा ठराव द्या: ‘सदर घराकडे जाणारी पाणंद सूर्यास्तानंतर बंद ठेवण्यात यावी.’ खाली सह्या आणि अंगठे. एका नावापुढची जागा कोरी सोडा आणि त्याबद्दल एक शब्दही बोलू नका.