वादी अल-रय्यान: वाळवंटातला धबधबा पाहून आलात का? अनुभव लिहा

हिवाळ्यात इजिप्तला जायचं ठरतंय. पिरॅमिड आणि नाईल होईलच. पण फायूमच्या पुढे, ऐन वाळवंटात, माणसाने आणलेल्या पाण्याचा धबधबा आहे, तो घरच्यांच्या मनात भरलाय. फोटोंवर कितपत विसंबायचं? जाऊन आलेल्यांनी खरंखुरं सांगा. कधी गेलात, पाणी किती होतं, दिवस कारणी लागला का? नाही आवडलं तर तेही येऊ द्या.

*

नोकरीमुळे कैरोत राहतो. पाहुणे आले की रय्यानची फेरी ठरलेलीच. साधारण दीडशे किलोमीटर, गाडीने दोन-अडीच तास. नोव्हेंबर ते मार्च, बस्स. त्यानंतर खमसीनचे वारे सुटतात आणि वाळू दातांखाली येते. उन्हाळ्याचं तर नावच काढू नका. पाण्याचंही तसंच. सप्टेंबरमध्ये मित्र हट्टाला पेटला म्हणून गेलो, तर धारा बारीक आणि खडक उघडे. मार्चमध्ये तीच जागा भरभरून वाहताना पाहिली आहे. आणि शुक्रवार टाळा. त्या दिवशी तिथे सुट्टी असते, कैरोहून बसच्या बस येतात आणि प्रत्येक बसचं गाणं वेगळं.

*

मी पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलं. त्यामुळे पाणी पडतं कसं यापेक्षा येतं कुठून, याकडेच लक्ष. फायूम हा समुद्रसपाटीच्याही खाली गेलेला खोलगट भाग. नाईलचं पाणी बहर युसूफ या कालव्याने आत येतं आणि शेतं भिजवतं, पण बाहेर पडायला त्याला वाट नाही. निचरा सगळा कारून सरोवरात. अस्वानचं मोठं धरण झाल्यावर वर्षभर पाणी मिळू लागलं, तसा निचराही वाढला. सरोवर चढू लागलं आणि काठची जमीन चिबडायला लागली. आपल्याकडे कालव्याखालच्या उसाच्या पट्ट्यात जे होतं, तेच दुखणं.

त्यावर तोडगा म्हणून जादा निचरा चर आणि बोगद्यातून रय्यानच्या कोरड्या खळग्यात सोडला. हे १९७३ च्या सुमाराचं काम. तिथे दोन तळी झाली, एक वर आणि एक खाली. वरचं भरून खालच्यात सांडतं, तोच हा धबधबा. खालच्या तळ्याला पुढे कुठेच वाट नाही. पाणी उन्हानेच उडतं आणि क्षार मागे राहतात. काठाने चाललं की पांढरी खपली बुटाखाली कुरकुरते. शिवाय वरचं पाणी आता मत्स्यशेतीकडे आणि नव्या शेतांकडेही वळतं, त्यामुळे खालचं तळं आकसत चाललंय. जुन्या काठाच्या रेषा वाळूत एकाखाली एक दिसतात. तिथला वाटाड्या धबधब्याकडे बोट दाखवत होता आणि मी त्या रेषांकडे बघत बसलो होतो!

*

मी स्पष्टच लिहिते, आमचा विरस झाला. उंचीच्या नावाने शंख. ज्याने पावसाळ्यात आंबोली पाहिली आहे, त्याला हा ओढ्यावरचा बंधारा वाटेल. काठाला प्लॅस्टिकच्या बाटल्या, होडीवाल्यांची घासाघीस, फोटोसाठी उंट पुढे करणारे. आमच्या गाडीवाल्याने तर निघताना ठरलेल्या भाड्यावर परतताना आणखी पैसे मागितले. इजिप्तमधला सगळ्यात मोठा धबधबा म्हणतात. असेल, पण त्या देशात स्पर्धा आहे कुणाची?

*

वरचं पटतं, तरी माझं मत वेगळं. आम्ही सासूबाईंना घेऊन मंगळवारी सकाळी लवकर गेलो. आजूबाजूला पिवळी वाळू, झुडूपसुद्धा नाही, आणि अचानक हिरवं-निळं पाणी आणि त्याच्या कडेला पुरुषभर उंच बोरूचं बेट. आवाज आधी येतो. पाणी एका धारेत पडत नाही. खडकाच्या कडेवरून पाच-सहा ठिकाणी फुटून घसरतं आणि मधल्या कपारींत गवताचे झुपके धरून बसलेले असतात. सासूबाई पाय सोडून बसल्या त्या उठेनात. शेजारी फायूमच्याच बायका सहलीला आल्या होत्या. आम्ही भारतातल्या म्हटल्यावर पहिला शब्द "अमिताब बच्चन!" मग त्यांनी कोरा चहा दिला, अर्धा पेला साखरच. भाषेवाचून तासभर गप्पा झाल्या, विषय बहुधा सुनांचा असावा.

मात्र मुलांना त्या पाण्यात डुंबू देऊ नका. शेतातून उतरलेलं पाणी आहे, खतं आणि फवारण्या त्यातच येणार.

*

फक्त धबधब्यासाठी एवढं लांब जाऊ नये. तोच रस्ता पुढे वादी अल-हितानला जातो, म्हणजे देवमाशांच्या खोऱ्यात. सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. बॅसिलोसॉरसचे सांगाडे वाळूत जिथे होते तिथेच ठेवलेत. या देवमाशाला इवलेसे मागचे पायही होते. २००५ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. सकाळी हितान आणि दुपार कलल्यावर धबधबा, असा क्रम लावा. पक्षी बघायचे असतील तर दुर्बीण घ्या. मला बगळे आणि बदकं भरपूर दिसली. खोकड दिसेल म्हणून संध्याकाळपर्यंत थांबलो, पण वाळूवर नुसते ठसेच मिळाले.

*

थोडं कामाचं. अभयारण्याच्या फाटकावर तिकीट आहे आणि परदेशी माणसाला ते जास्त पडतं, सुटे पैसे जवळ ठेवा. डिसेंबर-जानेवारीत ऊन गेलं की गारठा पडतो, स्वेटर हवाच. खडक शेवाळलेले असतात, चपला घालून उतरू नका. भाडं परतीसकट आधीच ठरवा आणि गाडीवाल्याकडून कागदावर आकडा लिहून घ्या.