मदत हवी आहे: नंबर प्लेटसोबत फ्रेम सक्तीने गळ्यात मारली

चिंतामण:
काल हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवून घ्यायला ठरलेल्या केंद्रावर गेलो होतो. पैसे आधीच भरलेले असताना तिथल्या मुलाने काळ्या प्लॅस्टिकच्या फ्रेमचे तीनशे रुपये मागितले आणि फ्रेम घेतली नाही तर प्लेट बसवणार नाही, असे तोंडावर सांगितले. पावती मागितली तेव्हा "फ्रेमची पावती नसते" असे उत्तर मिळाले. मागे रांग होती आणि कार्यालयातून दोनच तासांची परवानगी काढली होती, म्हणून पैसे देऊन मोकळा झालो. तक्रार नेमकी कुठे करायची, एवढेच कृपया सांगावे. "तीनशे रुपयांसाठी कशाला डोके लावता?" हा सल्ला घरातून मिळालेला आहे.

मुक्ता_प:
वाहन दुचाकी की चारचाकी? नोंदणी कोणत्या वर्षाची? ऑनलाइन किती रुपये भरले होते? हे कळल्याशिवाय जादा काय घेतले ते ठरवता येणार नाही.

चिंतामण:
हे वेगळे सांगावे लागेल असे वाटले नव्हते. चारचाकी, 2014 ची. भरलेली रक्कम 879 रुपये 10 पैसे.

मुक्ता_प:
म्हणजे ती रक्कम बरोबर आहे. 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांसाठी राज्यात दुचाकीला 450, तीनचाकीला 500 आणि चारचाकीला 745 रुपये दर ठरला असून त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की तुमचाच आकडा येतो. केंद्रावर प्लेट बसवण्याची मजुरी त्यातच धरलेली असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 50 मध्ये ॲल्युमिनियमची पाटी, होलोग्राम आणि स्नॅप लॉक (पाटी गाडीला पक्की बसवणारे, एकदाच वापरता येणारे कुलूप) यांचे वर्णन आहे, फ्रेमचे नाही.

गॅरेजकर:
फ्रेमला उगाच नावे ठेवू नका. बंपर वळलेला असेल तर नुसती पाटी थरथरते आणि गाडी धुताना तिच्या कडा वाकतात. मी स्वतःहून लावून घेतली आहे.

मुक्ता_प:
तुम्ही स्वतःहून घेतलीत, यांना घ्यायला लावली, हाच तर फरक आहे. एक वस्तू घेतल्याशिवाय दुसरी मिळणार नाही, अशी अट घालणे ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार निर्बंधक व्यापारी प्रथा ठरते आणि विकलेल्या वस्तूची पावती न देणे ही त्याच कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

अण्णा_सातारकर:
मुलाच्या नव्या दुचाकीच्या वेळी विक्रेत्याने नंबर प्लेटचे वेगळे पैसे लावले होते आणि वर हँडलिंग चार्जेसही घेतले. 1 एप्रिल 2019 पासूनच्या नव्या वाहनांना प्लेट उत्पादकाकडूनच येते आणि तिची किंमत गाडीच्या किमतीतच असते, हे मी त्याला दाखवून दिले, तेव्हा कुठे पैसे परत मिळाले.

मुक्ता_प:
अण्णा, अनुभव मोलाचा आहे, पण यांची गाडी जुनी आहे.

कलमबहाद्दर:
सरळ जिल्हा ग्राहक आयोगात जावे. वस्तू किंवा सेवेसाठी आपण दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील बंधनकारक नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

गॅरेजकर:
आणि तीनशे रुपयांसाठी तारखांना रजा टाकत बसायचे?

मुक्ता_प:
आयोग शेवटी. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतूनच तक्रार नोंदवा. सोबत आरटीओत लेखी अर्ज देऊन पोच घ्या, कारण प्लेट बसवणाऱ्या कंपन्या परिवहन विभागानेच नेमलेल्या आहेत. पैसे रोख दिले होते का?

चिंतामण:
यूपीआयने, त्या मुलाच्या वैयक्तिक खात्यावर. शेऱ्यात "फ्रेम" असे लिहिले होते, हे नशीब. आता फ्रेम काढून परत नेऊन देऊ का?

गॅरेजकर:
तेवढे करू नका. स्नॅप लॉक एकदा बसले की तोडल्याशिवाय निघत नाही आणि तोडलेले पुन्हा बसत नाही. फ्रेमसकट दोन्ही प्लेटचे फोटो काढून ठेवा. मागच्या प्लेटवर लॉक नीट दिसले पाहिजे.

चिंतामण:
आत्ताच खाली जाऊन टॉर्च लावून पाहिले. मागच्या प्लेटला चारही ठिकाणी साधे स्क्रू आहेत. स्क्रूड्रायव्हरने एक फिरवून पाहिला, तो सहज फिरला.

मुक्ता_प:
मग अर्जात पहिला मुद्दा लॉकचा लिहा. फ्रेमचे तीनशे रुपये त्याखाली येतील.