मदत हवी आहे : चितीची बिनचूक व्याख्या नववी-दहावीला कशी द्यावी?

नमस्कार. मी नाशिकमध्ये नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना भूमिती शिकवते. चितीच्या, म्हणजे प्रिझमच्या, प्रचलित व्याख्येबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. ती व्याख्या अशी : ज्या घनाकृतीची दोन पृष्ठे एकरूप व समांतर असतात आणि उरलेली सर्व पृष्ठे समांतरभुज चौकोन असतात, ती चिती. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या भूमितीग्रंथाच्या अकराव्या पुस्तकातील तेरावी व्याख्याही जवळजवळ हेच सांगते.

माझ्या मते ही व्याख्या अपुरी आहे. चौरस पाया असलेल्या तिरक्या चितीवर तेवढ्याच पायाची, पण उलट दिशेने कललेली दुसरी चिती चिकटवली, तर मध्येच वाकलेली घनाकृती मिळते. तिची वरची व खालची पृष्ठे एकरूप व समांतर असतात, बाजूची आठही पृष्ठे समांतरभुज चौकोन असतात, आणि तरीही तिला कोणी चिती म्हणणार नाही. (कल चौरसाच्या कर्णाच्या दिशेने द्यावा, बाजूला समांतर दिला, तर पुढची दोन पृष्ठे एकाच प्रतलात येऊन त्यांचा षट्कोन होतो.)

यावर एका विद्यार्थिनीने सुचवले की घनाकृतीला कुठेही खाच नसावी, एवढी अट घालावी. सूचना चांगली असली तरी तेवढ्याने भागत नाही. घनाच्या प्रत्येक पृष्ठावर, घनाच्या कडेच्या निम्म्या उंचीची, चौरस पायाची सूची (पिरॅमिड) बसवली, की कडेच्या दोन्ही अंगांचे त्रिकोण एकाच प्रतलात येतात आणि 24 त्रिकोणांचे 12 समभुज चौकोन होतात. खाच कुठेच नसते, समोरासमोरची पृष्ठे एकरूप व समांतर असतात, म्हणजे व्याख्येतील प्रत्येक शब्द पाळला जातो. पण ही चिती नव्हे. कार्डशीटचे प्रारूप करायचे असल्यास समभुज चौकोनाचे कर्ण 5 सेंमी व सुमारे 7.1 सेंमी घ्यावेत, कारण त्यांचे गुणोत्तर 1 : √2 असते.

म्हणून मी अशी अट घालू इच्छिते : उरलेल्या प्रत्येक पृष्ठाची एक बाजू एका पायाची बाजू असावी आणि तिच्यासमोरची बाजू दुसऱ्या पायाची. मग पायाच्या प्रत्येक शिरोबिंदूपाशी पाया व बाजूची दोन पृष्ठे अशी तीनच पृष्ठे मिळतात, शेजारच्या पृष्ठांना सामाईक कड लाभते आणि बाजूच्या सर्व कडा समान व समांतर ठरतात. या युक्तिवादात काही उणे राहिले आहे का, हे कृपया तपासावे.

दुसरा पर्यायही मनात आहे. अंबडच्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या एका पालकांनी हॅक्सॉने दोन्ही टोकांना तिरका, पण परस्परांना समांतर कापलेला हेक्स बारचा, म्हणजे षट्कोनी छेदाच्या धातूच्या दांड्याचा, तुकडा वर्गासाठी पाठवला. त्याची टोके आता सुसम षट्कोन नाहीत, तरी एकरूप आहेत. सहा कडा समांतरच आहेत. असा तुकडा हातात असताना ‘समांतर कडांचा दांडा दोन समांतर प्रतलांनी कापला की चिती मिळते’ हे मुलांना चटकन पटते. शिवाय तिरक्या चितीचे बाजूंचे क्षेत्रफळ म्हणजे लंबछेदाची (बाजूच्या कडांना लंब घेतलेल्या छेदाची) परिमिती गुणिले बाजूची कड, हेही त्यातूनच निघते. पायाची परिमिती तिथे चालत नाही.

माझा कल या दुसऱ्या व्याख्येकडे आहे. मात्र ‘दांडा’ हा शब्द अनुभवाचा आहे, भूमितीचा नव्हे, आणि त्याच्या जागी प्रतलांची भाषा आणली की नववीची मुले मागे पडतात. ज्यांनी हा घटक शिकवला आहे, त्यांनी यांपैकी कोणती व्याख्या आधी द्यावी आणि ‘दांडा’ या शब्दाऐवजी काय म्हणावे, हे कृपया सांगावे.