मदत हवी आहे: हेवीवेट टायटलवर पहिला हक्क कोणाचा? रविवारच्या आत सांगा

भुसावळकर_बॅग (4 डिसेंबर 2025)
मंडळी, घाईत लिहितोय. बॉक्सिंगच्या हेवीवेटमध्ये आता टायटलची लढत कोणाला मिळायला हवी, काबायेलला की फ्युरीला? मी बॉक्सिंग शिकवतो त्या पोरांपुढे रविवारी सकाळी सातला बोलायचं आहे. त्यातला एक पोरगा दोन आठवडे हाच प्रश्न धरून बसलाय. नेटवर चार जागी चार रँकिंग दिसतात, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. पोराला पटेल असं उत्तर हवंय, कारणासकट.

पांझराकाठ
कोणतं टायटल भाऊ? डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा चार संघटना आहेत, प्रत्येकीचा बेल्ट वेगळा, रँकिंगही वेगळं. म्हणून तर मेळ बसत नाही.

भुसावळकर_बॅग
अहो, चॅम्पियन उसिककडे आहे ते.

पांझराकाठ
उसिककडे आता तीन आहेत. जुलैमध्ये वेम्बलीला डुबुआला पाचव्या राउंडला पाडलं तेव्हा चारही होते. नोव्हेंबरमध्ये त्याने डब्ल्यूबीओचा सोडला, तो वॉर्डली या बॉक्सरकडे गेला. काबायेल डब्ल्यूबीसीचा अंतरिम चॅम्पियन (मुख्य चॅम्पियनशी लढायच्या रांगेतला) आहे, म्हणजे त्याचा दावा त्या एका बेल्टवर. हे सांगितल्याशिवाय उत्तर कसं देणार?

जळगाव_नॉकआउट
फ्युरी. यात विचारण्यासारखं काय आहे? मे 2024 ला रियाधमध्ये उसिकशी जी लढत झाली ती विभागलेल्या निर्णयाने उसिककडे गेली, एका पंचाने फ्युरीला जिंकवलं होतं. उसिकला इतकं दमवणारा दुसरा कोण आहे सांगा. मोठी लढत तीच, लोकांना बघायची तीच.

पांझराकाठ
आणि डिसेंबर 2024 ची दुसरी लढत? तिन्ही पंचांनी 116-112 असे गुण दिले, तिन्ही उसिककडे. त्यानंतर फ्युरी निवृत्ती जाहीर करून बसला, वर्षभर रिंगणात उतरलेला नाही. दोनदा हरलेल्याला तिसऱ्यांदा ताट वाढायचं आणि न हरलेल्याला उंबऱ्यावर उभं करायचं? तुन्हं प्रेम समजस भाऊ, पन हाई न्याय नही.

तापी_जॅब
काबायेलच्या लढती कोणी पाहिल्यात का, की नुसतं रँकिंगवर चाललंय? मी तिन्ही पाहिल्या, काही राउंड परत परत. डिसेंबर 2023 ला माखमुदोव, मे 2024 ला सांचेझ, फेब्रुवारी 2025 ला झांग. पहिले दोघे तेव्हा अपराजित होते. तिघांनाही त्याने पोटावर मारून बसवलं. झांगने पाचव्या राउंडला त्याला खाली पाडलं होतं. उठला, आणि सहाव्यात पुन्हा आत शिरून बरगडीखाली मारत राहिला. डोक्यावर बसलेल्या ठोशाने माणूस धाडकन पडतो. लिव्हरवर बसलेल्याने तो आधी क्षणभर उभाच असतो, चेहरा बदलतो, कोपर पोटाशी येतं, मग गुडघे टेकतात. दहा मोजेपर्यंत शुद्धीत असतो पण उठता येत नाही. हे ज्याने तीन धिप्पाड माणसांवर ओळीने करून दाखवलं त्याला अजून काय सिद्ध करायचं राहिलंय?

अमळनेर_स्पोर्ट्स_मम्मी
मुलांना ग्लोव्हज कोणते देता? सरावाला हलके देऊ नका. माझ्या मुलाचा अंगठा हलक्या ग्लोव्हजमुळे दुखावला, दीड महिना घरी होता. आधी हाताला पट्टी नीट गुंडाळायला शिकवा, अंगठ्यापासून सुरुवात करून मनगटावर जास्त वेढे.

भुसावळकर_बॅग
ताई, पट्टीचं ठीक आहे, ते शिकवतो. माझा प्रश्न टायटलचा आहे.

जुना_लंगोट_चाळीसगाव
बॉक्सिंगची ही रांगेची पद्धतच मला मान्य नाही. महाराष्ट्र केसरी बघा. गादीवरचा विजेता आणि मातीवरचा विजेता समोरासमोर येतात, जो चीत करेल त्याची गदा. आमच्या तालुक्यातला विजय चौधरी 2014, 2015, 2016 असा सलग तीन वेळा केसरी झाला, तो दर वर्षी पहिल्या फेरीपासून लढून. आधीची गदा घरात आहे म्हणून थेट शेवटच्या कुस्तीला उभा केला नाही.

जळगाव_नॉकआउट
काका, ती स्पर्धा आहे. व्यावसायिक हेवीवेट वर्षात दोनदा लढला तरी खूप. बारा राउंडच्या लढतीनंतर शरीर भरून यायला महिने जातात. पैसा तिकिटांवर आणि टीव्हीवर चालतो, म्हणून नाव लागतं.

जुना_लंगोट_चाळीसगाव
नावाने कुस्ती होत नसते बेटा.

फैजपूर_केळीवाला
थंडी पडलीय, बामणोदची वांगी आली आहेत. रविवारी पोरांचं झालं की मळ्यात या सगळे. कपाशीच्या काड्यांवर भाजू, कळण्याची भाकरी घरून आणतो. फ्युरी-काबायेल तिथेच मिटवा.

पांझराकाठ
भरिताला येतो, मुद्दा सोडत नाही. धागाकर्त्यासाठी लिहितो: प्रत्येक संघटना एक अनिवार्य आव्हानवीर ठरवते. चॅम्पियनला ठरावीक मुदतीत त्याच्याशी लढावं लागतं, नाहीतर बेल्ट सोडावा लागतो. एकाकडे अनेक बेल्ट असले की संघटना आळीपाळीने आपला माणूस पुढे करतात, म्हणून रांग लांबते. कधी आव्हानवीर पैसे घेऊन बाजूला होतो, कधी वाट बघण्याऐवजी लढतो. पार्कर या बॉक्सरचं तेच झालं. डब्ल्यूबीओच्या टायटलसाठी त्याचा नंबर लागला होता, पण तो ऑक्टोबरमध्ये वॉर्डलीशी लढला, अकराव्या राउंडला थांबवला गेला आणि नंबर वॉर्डलीकडे गेला.

तापी_जॅब
आणि चॅम्पियननेच नाकारलं तर? 1988 च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत लेनॉक्स लुईसने रिडिक बोवला हरवलं होतं. 1992 ला बोव चॅम्पियन झाला, समोर नंबर लुईसचा. बोवने डब्ल्यूबीसीचा बेल्ट कचऱ्याच्या डब्यात टाकला पण लढला नाही. व्यावसायिक रिंगणात त्या दोघांची गाठ कधीच पडली नाही. त्याहून वाईट हॅरी विल्सचं. डेम्प्सी 1919 ते 1926 चॅम्पियन होता, विल्स वर्षानुवर्षं दारात उभा, पण काळा म्हणून त्याला लढत दिलीच नाही. आजही मला हे वाचताना राग येतो.

वाचनालय_धुळे
एक विचारू? तो पोरगा हे का विचारतोय? सतरा-अठरा वर्षांची पोरं सहसा आवडता बॉक्सर सांगतात, नियम विचारत नाहीत.

भुसावळकर_बॅग
हे लिहायचं नव्हतं, पण विचारलंत म्हणून लिहितो. पोरगा सतरा वर्षांचा, वजन 94 किलो. बाप रेल्वेत हमाल. आमच्याकडे बॅग म्हणजे गोणपाटात चिंध्या भरून पत्र्याच्या शेडच्या आडव्या पाइपाला टांगलेली. तिची शिवण त्याने दोनदा उसवलीय, दोन्ही वेळा स्वतः दाभण घेऊन शिवली. गेल्या महिन्यात निवड चाचणीला गेलो. त्याच्या वजनात दोनच पोरं. लढत लावलीच नाही. दुसऱ्याचं नाव आधीच यादीत होतं, याला म्हणाले पुढच्या वेळी बघू. परत येताना पॅसेंजरमध्ये तो एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर काबायेलची लढत दाखवून म्हणाला, "सर, हा कोणाशीच हरला नाही, तरी याला का थांबवलंय?" तेव्हापासून मी अडकलोय.

जळगाव_नॉकआउट
दादा, हे आधी सांगायचं होतं. मी फ्युरीसाठी उगाच भांडत बसलो. त्या पोराला काबायेल सांगा. मनापासून म्हणतोय.

अमळनेर_स्पोर्ट्स_मम्मी
जेवतो का नीट?

जुना_लंगोट_चाळीसगाव
त्याला खाशाबा जाधव सांगा. 1952 ला हेलसिंकीला ज्यांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, त्यांनाही निवडीत डावललं होतं. ते गोळेश्वरला रुसून बसले नाहीत. दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि जिंकून गेले.

वाचनालय_धुळे
पैलवानकाका बरोबर आहेत. भुसावळकर, तुम्ही लेखी काही दिलंत का? चाचणीची तारीख, वजनगट, हजर पोरांची नावं, आणि लढत झाली नाही एवढंच लिहा. कोणावर आरोप नको. मागणी एकच, लढत घ्या. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि सही घ्या.

भुसावळकर_बॅग
नाही दिलं. तोंडी बोललो, रागात, आणि निघून आलो.

तापी_जॅब
वजनाच्या नोंदीचा कागद आहे का?

भुसावळकर_बॅग
आहे. त्या दिवशीचा, सहीसकट. पोराने वहीत चिकटवून ठेवलाय.

भुसावळकर_बॅग (8 डिसेंबर 2025)
काल पोरांना बोवच्या बेल्टचं सांगितलं, खाशाबांचं सांगितलं. काबायेलचं उत्तर पांझराभाऊंच्या शब्दांत दिलं: डब्ल्यूबीसीच्या बेल्टवर पुढचा हक्क त्याचा, आणि नियमाने मागणं हाच त्याचा मार्ग. मग अर्ज पोरालाच लिहायला लावला. तीन वेळा फाडला. चौथ्यांदा अक्षर बरं आलं. आज दुपारी देऊन आलो, पोच घेतली. केळीवाले भाऊ, वांगी शिल्लक असतील तर पुढच्या रविवारी याला घेऊन येतो.

फैजपूर_केळीवाला
आणा. त्याच्यासाठी वेगळी टोपली ठेवतो.