मदत हवी आहे: १९५३ सालच्या ‘कॅलिफोर्निया झेफिर’मध्ये कुठला डबा कुठे असायचा?

चाफेकळी

नमस्कार मंडळी,

दिवाळी अंकासाठी एक दीर्घकथा लिहिते आहे. संपादकांची मुदत डोक्यावर आली आहे आणि मी एका आगगाडीत अडकून पडले आहे.

नायक साताऱ्याचा. १९५३ च्या सप्टेंबरात शिकागोहून बर्कलीला शिकायला निघतो. खिशात मोजके डॉलर, म्हणून तिकीट सगळ्यात स्वस्त, बसून जायचं. गाडी ‘कॅलिफोर्निया झेफिर’. ती २० मार्च १९४९ ला सुरू झाली, शिकागो ते ओकलंड चार हजार किलोमीटरच्या वर धावायची, तीन रेल्वे कंपन्या (बर्लिंग्टन, रिओ ग्रांडे आणि वेस्टर्न पॅसिफिक) मिळून ती चालवायच्या आणि डब्यांच्या छतावर काचेचे घुमट होते, इतपत मला ठाऊक आहे.

माझ्या खर्ड्यात हा मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी अगदी शेवटच्या डब्यात जातो. शेपटीकडून गोलाकार असलेला, फोटोत नेहमी दिसतो तो डबा. तिथल्या घुमटात त्याच्या शेजारी न्यूयॉर्कची एक श्रीमंत विधवा येऊन बसते आणि दोघांचं बोलणं सुरू होतं. सगळी कथा त्या बोलण्यावर उभी आहे. आता मैत्रिणीचा नवरा म्हणतो, “त्याला तिथे बसूच दिलं नसतं.”

खरं का? डबे लागायचे कुठल्या क्रमाने? आणि बसूच दिलं नसतं तर या दोघांची गाठ कुठे घालू? “कथाच आहे, लिहा काहीही” असं कृपया सांगू नका. रेल्वेवाले वाचक अंक हातात पडल्याच्या तिसऱ्या दिवशी पत्र टाकतात.

आगाऊ धन्यवाद.

---

सांधेवाला

मैत्रिणीच्या नवऱ्याचं बरोबर आहे. शेवटचा डबा स्लीपरवाल्यांसाठी राखीव होता.

सुरुवातीची गाडी ११ डब्यांची. इंजिनामागे लगेज. त्यामागे घुमटाचे तीन चेअर कार, म्हणजे तुमच्या नायकाचे डबे. मग घुमटाचाच एक बुफे-लाउंज. त्याच्या एका भागात डायनिंग कारच्या नोकरवर्गाची झोपायची सोय. त्यामागे स्लीपर आणि त्यांच्यामध्येच डायनिंग कार. शेवटी घुमटाचा ऑब्झर्व्हेशन डबा, म्हणजे तुमच्या फोटोतला. त्यात मागे गोल लाउंज, पुढे तीन बेडरूम आणि एक ड्रॉइंग रूम. एकूण पाच घुमट.

स्लीपरही दोन तऱ्हेचे. एकात १६ सेक्शन: वरखाली बर्थ, रात्री जाड पडदे ओढायचे. बाकीच्या तिनांत प्रत्येकी दहा रूमेट (एकट्याची छोटी खोली) आणि सहा डबल बेडरूम. १९५२ मध्ये आणखी एक जात आली, सहा बेडरूम आणि पाच कंपार्टमेंटवाली. तुमची कथा १९५३ ची, त्यामुळे तो डबाही गाडीत धरा.

क्रमामागे साधा हिशेब आहे. लगेजच्या डब्यातून उतारूंची ये-जा नसते, तो मध्ये घातला तर गाडीचे दोन तुकडे होतात. म्हणून तो टोकाला. जास्त पैसे मोजणारे इंजिनाच्या आवाजापासून लांब, मागे. आणि सामाईक डबे मध्ये, म्हणजे बसून जाणाऱ्यांना बेडरूमच्या रांगा ओलांडत शेपटीपर्यंत यायचं कारणच उरत नाही. दाराला कुलूप लागत नसे, पण कंडक्टरने मुलाला नम्रपणे परत पाठवला असता.

त्याची कीव मात्र करू नका. चेअर कारचे तीन घुमट त्याचेच होते, प्रत्येकी २४ जागा. या जागा विकत नसत. रिकामी दिसली की बसायचं. खालची खुर्ची राखीव असायची, मागे रेलणारी आणि पायाला टेकू असलेली.

---

चाफेकळी

@सांधेवाला, काळजात कट्यार घातलीत, पण धन्यवाद. विधवाबाईंना मी चेअर कारमध्ये आणू शकते का?

---

सांधेवाला

आणा, पण कारण लागेल. बाईंनी पहिल्या वर्गाचं तिकीट काढून वर खोलीचे वेगळे पैसे भरलेत. त्यांचा स्वतःचा घुमट मागे आहे. त्या पुढे कशाला येतील?

---

डेन्व्हरकर

ताई, बुफे-लाउंज कशासाठी आहे? त्यातलं कॉफी शॉप चेअर कारवाल्यांच्या अगदी लगत. पण माझं मत विचाराल तर गाठ डायनिंग कारमध्येच घाला.

डायनिंग कारमध्ये ४८ जागा. एकट्या माणसाला स्वतंत्र टेबल मिळत नसे, चौघांच्या टेबलावर जिथे जागा असेल तिथे बसवत. कोण कुणासमोर येईल याचा नेम नाही. जेवणाची वेळ नोंदवायला ‘झेफिरेट’ डब्याडब्यांतून फिरायची. गाडीत अशी एकच तरुण होस्टेस. ध्वनिक्षेपकावरून बाहेरच्या दऱ्याखोऱ्यांची माहितीही तीच सांगायची. साताऱ्याचा मुलगा आणि न्यूयॉर्कची बाई समोरासमोर यायला एवढी यंत्रणा पुरे.

आणखी एक बारकावा घ्या. त्या काळी अमेरिकन डायनिंग कारमध्ये वेटर तोंडी ऑर्डर घेत नसे. छापील चिठ्ठी आणि पेन्सिल टेबलावर, काय हवं ते उतारूने आपल्या हाताने लिहायचं. तुमच्या मुलाला मेन्यूतलं निम्मं कळत नाही, पेन्सिल हातात तशीच, वेटर अदबीने उभा, समोर बाई बघताहेत. संवाद तिथून आपोआप सुरू होईल.

आता वेळापत्रक. गाडी शिकागोहून दुपारी निघे, सकाळी डेन्व्हर. नाश्त्यानंतर रॉकीची चढण आणि मॉफट बोगदा, जवळजवळ दहा किलोमीटर. दुपारी ग्लेनवूड कॅन्यन. रात्री सॉल्ट लेक सिटी, नेव्हाडाचं वाळवंट अंधारातच सरे आणि तिसऱ्या दिवशी उजेडात फेदर नदीची घळ. दोन्ही डोंगर दिवसा दिसावेत म्हणून वेळा मुद्दाम तशा लावल्या होत्या, नुसत्या वेगात दुसऱ्या गाड्या पुढे होत्या. तुमचं ‘दुसऱ्या दिवशी दुपारी’ म्हणजे ग्लेनवूड कॅन्यन. सोन्यासारखी जागा आहे, सोडू नका.

अवांतर: घुमटाची कल्पनाही ग्लेनवूड कॅन्यनमधलीच. १९४४ मध्ये जनरल मोटर्सचे सायरस ऑस्बॉर्न त्या घळीतून डिझेल इंजिनाच्या केबिनमध्ये बसून गेले. ड्रायव्हरला दिसतं ते उतारूला का दिसू नये, असं त्यांच्या मनात आलं. बर्लिंग्टनने १९४५ मध्ये आपल्या वर्कशॉपमध्ये जुन्या डब्यावर पहिला घुमट चढवला. ऑस्बॉर्नच्या त्या प्रवासाचं स्मारक घळीत होतं, ते आता कोलोरॅडोतल्या गोल्डन गावच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

---

वरणभात

मुलगा शाकाहारी आहे का? नसेल तर ट्राउट मासा खाऊ घाला, रिओ ग्रांडेच्या डायनिंग कारची ती खासियत. असेल तर बिचारा दोन दिवस बटाटे आणि ॲपल पाय.

---

चाफेकळी

@वरणभात, घरून निघताना शाकाहारी होता, पुढचं कथेत कळेल.

@डेन्व्हरकर, पेन्सिलीचा प्रसंग घेतला! पण एक शंका. बाई न्यूयॉर्कच्या आहेत. शिकागोत गाडी बदलताना त्यांचं सामान हरवतं असं एक उपकथानक आहे. चालेल?

---

सांधेवाला

चालेल, पण बाई श्रीमंत आहेत हे विसरू नका. तेव्हा न्यूयॉर्कहून थेट कॅलिफोर्नियाला जाणारा स्लीपर होता. पूर्वेकडच्या कंपनीची गाडी तो शिकागोपर्यंत आणायची, तिथे शंटिंग करून तो झेफिरला जोडायचे. त्यातला उतारू आपल्या खोलीतून हललाच नाही तरी चाले. पेनसिल्व्हेनिया रेलरोडने यासाठी झेफिरला शोभेल असा स्वतःचा एक डबा बांधून घेतला होता, ‘सिल्व्हर रॅपिड्स’. अशा बाई शिकागोत हमालामागे धावणार नाहीत. सामान हरवायचंच असेल तर त्यांना मैत्रिणीकडे दोन दिवस मुक्कामाला उतरवा.

नावावरून आठवलं: सगळ्या डब्यांची नावं ‘सिल्व्हर’ने सुरू होत. लगेजचे डबे जनावरांच्या नावाचे, सिल्व्हर वुल्फ, सिल्व्हर बेअर. शेपटीचे सहा: होरायझन, पेंटहाउस, सोलेरियम, स्काय, क्रिसेंट, प्लॅनेट. सहाच, कारण रोज दोन्ही बाजूंनी गाडी सोडायला अकरा डब्यांचे सहा रेक लागत. त्या ६६ डब्यांत बर्लिंग्टनचे २७, वेस्टर्न पॅसिफिकचे २४ आणि रिओ ग्रांडेचे १५. एकाच रेकमध्ये तिन्ही मालकांचे डबे मिसळलेले. डब्यांना रंग नव्हताच, बड कंपनीचं उघडं स्टेनलेस स्टील, त्यामुळे उतारूला ओळखू येत नसे.

---

मुक्काम पोस्ट दौंड

एक गोष्ट कुणी बोललं नाही. साताऱ्याच्या मुलाला सगळ्यात नवल घुमटाचं वाटणार नाही, चालत्या गाडीत एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाता येतं याचं वाटेल. १९५३ साली आपल्याकडच्या मेल गाड्यांत आतून वाट नसायची. डब्याची दारं फक्त फलाटावर उघडत. डायनिंग कारमध्ये जायचं तर स्टेशनात उतरून फलाटावरून चालत जायचं, जेवायचं आणि पुढच्या थांब्याला परत आपला डबा गाठायचा. पहिल्या वर्गाच्या मोठ्या साहेबालाही तेच. हावडा ते दिल्ली आतून जोडलेली वातानुकूलित गाडी आली १९५६ मध्ये.

तेव्हा पहिल्या रात्री त्याला एकदा उगाचच चेअर कारपासून डायनिंग कारपर्यंत चालवा. घुमटाच्या डब्यात मधली वाट घुमटाखालून जाते, त्यामुळे दोन-तीन पायऱ्या उतरून खाली जायचं आणि पलीकडे परत चढायचं. पहिल्यांदा जाणारा तिथे हमखास ठेचकाळणार.

---

नीलकांत_रा

थोडं गंभीर. मुलगा सावळा आहे. १९५३ ची अमेरिका. डायनिंग कारमध्ये गोऱ्या बाईसमोर त्याला बसवलं असतं का?

---

डेन्व्हरकर

चांगला प्रश्न, आणि तो डब्यांच्या क्रमाशीही जोडलेला आहे. दक्षिणेतल्या गाड्यांत काळ्या उतारूंचा डबा बहुधा इंजिनाच्या मागेच, लगेजला लागून असायचा. कित्येकदा अर्ध्या डब्यात सामान आणि अर्ध्यात माणसं. डायनिंग कारमध्ये त्यांच्यासाठी पडद्याआड टेबलं ठेवत. एल्मर हेंडरसन यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९५० मध्ये ती पद्धत बेकायदा ठरवली. आंतरराज्य गाड्यांतले वेगळे डबे बंद करायला जानेवारी १९५६ उजाडला.

झेफिरचा मार्ग उत्तरेचा आणि पश्चिमेचा, तिथे असा कायदा नव्हता. त्यामुळे बसवलं असतं. पण लोक बघणार, आणि तुमचा मुलगा ते बघणं ओळखणार. गाडीत वाढणारे वेटर आणि स्लीपरचे पोर्टर जवळजवळ सगळे काळे होते, हेही त्याच्या नजरेतून सुटणार नाही. वेटरांची झोपायची जागा आणि त्याची खुर्ची गाडीच्या एकाच बाजूला होती. यातून काय करायचं ते ताई जाणोत.

---

चाफेकळी

हे शेवटचं वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही. कथा थोडी वळवावी लागणार. वेटरला आता नाव द्यायला हवं.

शेवटचा छळ: तो उतरतो कुठे? मी सॅन फ्रान्सिस्कोची फेरीबोट लिहून ठेवली आहे. आणि इंजिन शिकागोपासून एकच का?

---

सांधेवाला

फेरीबोट खरी, ओकलंडच्या धक्क्यावरून खाडीपलीकडे. १९५८ पर्यंत होती, मग बस आली. पण बर्कली खाडीच्या अलीकडे, ओकलंडला लागूनच. मुलाने बोटीत चढायचं कारण नाही. बाई बोटीने जातील, तो धक्क्यावर राहील.

इंजिन एकच नाही. डबे तेच राहत, पण डेन्व्हरला बर्लिंग्टनची इंजिनं सुटून रिओ ग्रांडेची लागत आणि सॉल्ट लेक सिटीला वेस्टर्न पॅसिफिकची. त्यामुळे ‘तीच चंदेरी इंजिनं फेदर नदीच्या घळीत शिरली’ असं काही लिहिलं असेल तर आत्ताच खोडा. वेस्टर्न पॅसिफिकची इंजिनं चंदेरी आणि केशरी अशा दोन रंगांत होती. ‘तीच’ हा शब्द तर हवाच कशाला.